बाई, परत लावा ना माझा आवाज

काल मधल्या सुट्टीत तिसरीतली एक पोरगी माझ्या मागेच लागली, खिचडीचं ताट हातात तसंच, "बाई, परत लावा ना माझा आवाज." झालं असं की सकाळी मी तिचं वाचन फोनवर रेकॉर्ड केलेलं. फोनमध्ये असतो तो साधाच रेकॉर्डर, त्याला नेट लागत नाही की काही नाही. मग तिने फोन कानाला लावला, दुसऱ्या हाताचं बोट पुस्तकातल्या ओळीवरून सरकवत ऐकत बसली आणि एकदम थांबली. "बाई, इथं 'विहिरीवरून' लिहिलंय, मी नुसतं 'विहिरीवर' म्हटलं." शब्दाचा शेवट अंदाजाने उरकायचा ही तिची जुनी सवय, मी वर्षभर सांगत होते आणि ती दरवेळी मान हलवायची, पण काल तिची चूक तिनेच पकडली. मला इतका आनंद झाला ना की कधी एकदा लिहिते असं झालं!

शाळा आमची पाटणच्या डोंगरात. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. २०२० ला लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचो तेव्हा निम्म्या घरात फोनच नव्हता, आणि जिथे होता तिथे तो बापाबरोबर कामावर, रात्री आठला घरी येणार, तोवर पोरं पेंगलेली. सह्याद्री वाहिनीवर इयत्तेप्रमाणे कार्यक्रम लागायचे, त्याचा खरंच आधार झाला, पण टीव्हीला प्रश्न कुठे विचारता येतो. शेवटी मी मास्क लावून देवळाच्या ओट्यावर चार चार पोरं बसवून वह्या तपासल्या.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आम्ही सगळे शिक्षक त्या दिवशी नुसते एकमेकांना फोन करत होतो. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले होते, आता बालभारतीच्या पुस्तकांवर तो असतोच, दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. आमच्याकडे रेंज फक्त खिंडीत येते म्हणून मी आदल्या दिवशी घरूनच व्हिडिओ डाउनलोड करून नेते. गावाने वर्गणी काढून टीव्ही दिलाय, लाइट असली तर त्यावर, नाहीतर एका फोनभोवती अठरा डोकी.

पण हाच फोन माझा वेळ खातो त्याचं काय करायचं? आज ही लिंक भरा, ती माहिती अर्जंट पाठवा, पोषण आहाराचे आकडे टाका, कार्यक्रम झाला की फोटो अपलोड करा. परवा गणिताच्या तासाला हातच्याची वजाबाकी ऐन रंगात आली होती, पोरं काड्यांचे गठ्ठे सोडून दशकाचे दहा सुटे करत होती, आणि तेवढ्यात निरोप आला की माहिती बारा वाजायच्या आत हवी. मी फोन घेऊन खिंडीत गेले. परत आले तोवर काड्या वर्गभर पसरलेल्या आणि सगळं पहिल्यापासून. मला याचा राग येतो, मनापासून येतो, कारण तंत्रज्ञान शाळेत आलं म्हणताना त्यात हे पण धरतात, आणि पोरांच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

रेकॉर्डिंगचं मात्र मी आता सोडणार नाही. आठवड्याला प्रत्येकाचं एक, तारीख टाकून ठेवायचं, म्हणजे दिवाळीला जूनमधला आवाज त्याला ऐकवता येईल.

त्या पोरीचे वडील मुंबईला माथाडी कामगार आहेत, गावी येतात ते गणपतीला आणि जत्रेला. संध्याकाळी खिंडीतून जाताना मी तिचं वाचन त्यांना पाठवलं. रात्री साडेदहाला उलट व्हॉइस मेसेज आला, मागे गाड्यांचा आवाज, "बाई, ऐकलं. दोनदा ऐकलं. उद्याचं पण पाठवा."