पोळ्याच्या बैलाची मान

पोळ्याला आठ दिवस उरले होते आणि अमळनेरच्या माझ्या शेडमध्ये बैल अजून मानेविना उभा होता. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने जोडी विकली, मग गोठ्यातलं सगळं लोखंड ट्रॉलीत भरून माझ्याकडे आणलं. बैलगाडीच्या चाकांवरच्या दोन लोखंडी धावा, वखराच्या झिजलेल्या पासा, फाळ, साखळ्या, स्प्रिंगचे कमानपाटे. "याचाच एक बैल करून द्या," एवढंच म्हणाले.

मी आधी चित्र काढत नाही. भंगार जमिनीवर पसरतो आणि दोन-तीन दिवस त्यात नुसता फिरतो. पासांच्या बाकात बरगड्या दिसल्या, धावेची पाठ झाली. मानेला मात्र कमानपाटाच हवा होता. जू ओढतानाचा ताण दुसऱ्या कशात येईना. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकताना दायमाबादच्या प्राचीन कांस्य रथाचा फोटो मी वहीत कितीदा उतरवला असेल! १९७४ साली प्रवरेकाठी सापडलेला, जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब, दोन बैल आणि मागे उभा माणूस. त्या माना तेव्हापासून हातात बसल्यात.

सकाळी वेल्डिंगचे टाके मारून मान धरली, नेहमीच्या रॉडने जोड भरला. चहाचा कप उचलला तोच 'टण्ण' आवाज. जोडाच्या कडेने केसाएवढी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ग्राइंडरने उघडून पुन्हा भरला. दुपारी पुन्हा टण्ण.

आमचे आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. उठून आले, म्हणाले, "ग्राइंडर लाव." धावेच्या ठिणग्या लांब, सरळ उडाल्या. कमानपाट्याच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या. "पाटा कडक शे रे भाऊ."

कमानपाट्यात कार्बन जास्त. तापलेला जोड भरकन निवला की कडेचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं आणि आकसणारा जोड त्याला ओढून फोडतो. हे मी शिकलेलो. पण डोळ्यांसमोर पोळा होता, पाटा नव्हता. आप्पांचं तर पोटच आकसण्यावर चालायचं. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवायची, चाकावर चढवायची, वर पाणी ओतायचं. लाकूड करकरत आवळलं जायचं. पाण्याचा डबा घेऊन मी शेजारी उभा असायचो.

मग ७०१८च्या, म्हणजे ओल अजिबात न चालणाऱ्या वेल्डिंगच्या रॉड भट्टीत कोरड्या केल्या. गॅसच्या जाळाने मान शेकत राहिलो. आप्पा मधूनमधून पाणी शिंपडत होते, थेंब न बसता मण्यांसारखे पळायला लागले तेव्हा म्हणाले, "आते लाव." जोड भरताच मानेभोवती पत्र्याचं खोकं बांधून त्यात चुलीची राख दाबून भरली. मी दर तासाला राख उकरायला जायचो. "लोखंडले थंडं व्हवाले टाईम लागस," आप्पांनी दटावलं.

रात्री शेडमध्येच झोपलो, म्हणजे जागाच होतो. सकाळी राख उपसली तर जोड अजून कोमट. चीर नव्हती. ग्राइंडर उचलला आणि परत ठेवला. जू बसतं नेमक्या त्या जागी वेल्डिंगचा जाड वळ आला होता, तो घासला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैल न्यायला आले. सोबत पितळी वाटीत तूप-हळद. खांदेमळणीची. ट्रॉली मागे घ्यायच्या आधी त्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली, दोन्ही हात तुपात बुडवले आणि त्या वळावर, जू बसतं तिथे, कितीतरी वेळ चोळत राहिले. वाटी आप्पांनी धरली होती.