सूत सरकवताना

५ नोव्हेंबर, सांगली

आज रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीत 'सीता स्वयंवर'चा खेळ केला. त्याच गावात माझी एकांकिका गणपतीपासून परवापर्यंत अकराव्या पानावर अडून बसली होती, हे सकाळी कॅलेंडर बघताना फार मनाला लागलं.

वेळ मिळत नाही असं मी दोन महिने म्हणत होते. ते खरं नाही. वेळ मिळतो, पण तुकड्यांनी. पहाटे नळाला पाणी यायच्या आधीची पंधरा मिनिटं, बँकेतून आल्यावर कुकर लावायच्या आधीची वीस. त्या विसातली अठरा मन जाग्यावर आणण्यातच जातात आणि उरलेली दोन हळहळण्यात. दिवसभर लोकांच्या पासबुकातल्या नोंदी जुळवलेलं डोकं लगेच त्या गच्चीवर कसं जाणार?

गच्ची म्हणजे एकांकिकेतली. २०१९ चा महापूर, गावभागातलं घर, पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला टेकलेलं, आणि वर होडीची वाट बघत बसलेल्या दोन जावा. चार वर्षं एकमेकींशी अबोला. त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. हे आकडे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. त्या दोघी मला दिसतात, त्यांचे आवाजही ऐकू येतात. अवघड आहे ते रोज नव्यानं जिना चढून त्यांच्यापर्यंत पोचणं.

रविवारी लेकीचा तानपुरा घेऊन मिरजेला गेले होते. पावसाळाभर गवसणीत पडून होता, तार छेडली की टक् वाजून विझायची. जवारी लावून आणणं, म्हणजे तार घुमावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून घेणं, भागच होतं. दुकानात भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. दुकानातल्या काकांनी तानपुरा मांडीवर आडवा घेतला, घोडीवरून कानस अगदी हलकी फिरवली, फुंकर मारली, तार छेडली. पुन्हा कानस. मग तारेखालचं सूत नखानं केसभर पुढं सरकवलं. छेडली. मागं घेतलं. छेडली. असं दहा-बारा वेळा तरी. आणि एका जागी तीच तार बोलायला लागली. बोट उचललं तरी नाद रेंगाळत राहिला, त्यातून आणखी बारीक नाद निघत राहिले. लेक म्हणाली, "आई, उघडला!"

मी विचारलं, "काका, नेमकी जागा आधी कळते का हो?"

"आधी कुठली कळतीय ताई? सूत लावल्याशिवाय तार काय सांगणार?"

परतताना ते सूतच डोळ्यांपुढं होतं. मी आजवर उलटं करत होते. आधी मन लागू दे, मग पेन उचलू. त्यासाठी चहा करून बघितला, गाणी लावून बघितली. चहानं आणखी कामं आठवतात. गाण्यानं त्या गाण्याच्या मूडमध्ये जाते मी, माझ्या गच्चीवर नाही. समोर दिसेल त्याचं वर्णन लिहा म्हणतात, तेही केलं. वर्णन झालं, जावा तिथंच राहिल्या. घाटावर फिरत संवाद मोठ्यानं म्हणणं मात्र खरंच लागू पडतं. पण माई घाटापर्यंत जाऊन यायला अर्धा तास जातो, तो रोज कुठनं आणू?

म्हणून सोमवारी ठरवलं, नवं काही लिहायचंच नाही. शेवटचं लिहिलेलं अर्धं पान हातानं पुन्हा उतरवून काढायचं, बस. शिसपेन्सिलीनं, शब्दाला शब्द. पहिल्या चार ओळी नुसती नक्कल झाली. पाचवीत थोरलीचं वाक्य होतं, "मी काही बोलले नाही." उतरवताना हातून उतरलं, "मी काही बोलले नाही तेव्हा." मी थांबले. हा 'तेव्हा' कुठनं आला? तेव्हा म्हणजे कधी? आणि चार वर्षांपूर्वीची ती दुपार उघडली. धाकटीचं बाळंतपण, कपाटाची किल्ली, सासऱ्यांचा चढलेला आवाज, आणि सगळं माहीत असून दाराशी गप्प उभी राहिलेली थोरली. अबोल्याचं कारण दोन महिने मी शोधत होते. घड्याळात बघितलं तर सात मिनिटं झाली होती.

काल पुन्हा केलं. काल असं काही उघडलं नाही, पण पाचव्या-सहाव्या ओळीला मी गच्चीवर होते, एवढं नक्की. कॉम्प्युटरवर कॉपी करून हे होत नाही, तेही करून बघितलं. अक्षर हातानं वळवायला लागतं, तेव्हा वाक्य कानात वाजायला वेळ मिळतो.

आज तेरावं पान झालं. धाकटी म्हणते, "वैनी, ती होडी" आणि तिथंच मुद्दाम तोडलं. पुढचे शब्द मला माहीत आहेत, सकाळी उतरवता उतरवता तेही येतील. वही टेबलावर ठेवली की तिच्यावर वर्तमानपत्र, बिलं, डबे साचतात. म्हणून पेन्सिल आत घालून ती पिठाच्या डब्यावर ठेवायला गेले.

आत्यांनी विचारलं, "तिथं कशाला गं वही?"

"पहाटे कणीक काढायला गेले की हाताला लागेल."

त्या काही बोलल्या नाहीत. ओलं फडकं घेऊन डब्याचं झाकण पुसलं, पदरानं कोरडं केलं, आणि वहीसाठी हात पुढं केला.