डायला घाबरून थांबलेली सही

"साहेब, डायनं किडनी जाते. माझ्या चुलत्यांची गेली. मी सही करणार नाही."

तात्यांचा ईसीजी माझ्या हातात होता. वय 68, बरीच वर्षं मधुमेह, पहाटेपासून छातीत कळा. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी रक्तवाहिनी बंद पडलेली दिसत होती. रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत ती उघडायची, अशी आमची धडपड असते. आणि इथं मुलगा अँजिओप्लास्टीच्या संमतीपत्रावर सही करायला पेन हातात धरायला तयार नव्हता.

त्याची भीती खोटी नाही, हे मी त्याला आधी सांगितलं. डाय म्हणजे रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून त्यांत सोडायचं औषध. तिच्यात आयोडीन असतं, ती किडनीवाटेच बाहेर पडते. जाताना किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळते, नलिकांच्या पेशींना इजा करते. मधुमेह, वय, अशक्त हृदय असेल तर धोका वाढतो. पण सगळं खापर डायवर फोडणं मला पटत नाही. हार्ट अटॅकमध्ये बीपी पडलं की डायचा थेंबही न देता किडनी बसते. "हृदयच रक्त ढकलेना, तर किडनीला कुठून मिळणार?" मी विचारलं.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "किती डाय घालणार?"

हा प्रश्न फार थोडे नातेवाईक विचारतात, आणि प्रत्येकानं विचारायला हवा. "लागेल तेवढीच. बाहेर आल्यावर आकडा सांगतो." त्यानं सही केली.

तेवढ्यात सुनेनं औषधांची पिशवी सिस्टरांपुढे ओतली. मधुमेहाची मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, किडनीला त्रासदायक अशी वेदनाशामक गोळी, रोज दोन. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा होता, पण या किडन्या आधीच थकलेल्या असणार, हे त्या पिशवीनं सांगितलं. रिपोर्टसाठी थांबणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं.

मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयापर्यंत गेलो. डायची प्रत्येक पिचकारी लहान ठेवली, टेक्निशियन दर वेळी बेरीज मोठ्यानं सांगत होता. हृदयाच्या कप्प्यात डाय सोडून फोटो काढायचा मोह टाळला. ती माहिती नंतर इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत मिळते. बंद पडलेली डावी वाहिनी उघडली, स्टेंट बसला, तात्यांची कळ थांबली. उजव्या वाहिनीतही 80 टक्के अडथळा होता. तेव्हाच लॅबचा फोन आला: क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, 1.8. त्यावरून किडनीची गाळण्याची क्षमता, ईजीएफआर, साधारण 40. त्या आकड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मिली डाय शक्यतो देऊ नये, असा एक ठोकताळा आहे. आमची बेरीज 85 झाली होती. "आत आहोतच, तर उजवीही करू या का?" सहकाऱ्यानं विचारलं. बीपी चांगलं होतं, अटॅक त्या वाहिनीमुळे आलेला नव्हता. मी थांबलो.

बाहेर येऊन मुलाला डायचा आकडा सांगितला, 85 मिली. त्याला "किडनी वाचवायचं इंजेक्शन" हवं होतं. तसं खात्रीचं काही नाही. किडनी वाचवायला दिली जाणारी दोन औषधं, सोडाबायकार्ब साध्या सलाईनशी आणि ॲसिटिलसिस्टीन बिनऔषधी गोळीशी, सुमारे पाच हजार जोखमीच्या रुग्णांवर अँजिओग्राफीच्या वेळी ताडून पाहिली गेली. 2018 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की दोन्हींचा जास्त फायदा नाही. सलाईनही तात्यांना हळूहळूच दिलं, कारण हृदयाचं पंपिंग 40 टक्क्यांवर आलं होतं आणि पाणी जास्त झालं असतं तर फुप्फुसात साचलं असतं. डायक्लोफिनॅक कायमची बंद, मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवून इन्सुलिन.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 2.4, तिसऱ्या दिवशी 2.9. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "सांगितलं होतं ना साहेब." ते शब्द जिव्हारी लागले. पण लघवी नीट होत होती, पोटॅशियम ठीक होतं, दम नव्हता. किडनीच्या डॉक्टरांनीही डायलिसिस नको, वाट पाहू, असंच सांगितलं. ही इजा बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत चढते आणि मग उतरू लागते. पाचव्या दिवशी 2.5 आलं, दोन आठवड्यांनी 1.9.

उजवी वाहिनी पाचव्या आठवड्यात केली, ठरवून, नवा रिपोर्ट समोर ठेवून. डाय 40 मिली लागली, क्रिएटिनिन हललं नाही. गावातल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आहे: गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम, आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन. ती चिठ्ठी सुनेनं औषधांच्या पिशवीतच ठेवली आहे.