पान ४९

"काकू, तुम्ही सगळी पुस्तकं मधूनच का बघताय?"

स्टॉलवरच्या मुलाने असं विचारलं तेव्हा माझ्या हातात सातवं की आठवं पुस्तक होतं आणि चष्मा कपाळावर सरकवून मी पानाच्या तळाला जवळजवळ नाक लावलं होतं. दुपारचे अडीच वाजले असतील. गर्दी जेवायला पांगलेली, पोरगं कंटाळलेलं, म्हणून त्याचं लक्ष गेलं असणार. मुखपृष्ठ बघायचं नाही, मागचा मजकूर वाचायचा नाही, पुण्यात राहून किंमतसुद्धा बघायची नाही, डायरेक्ट मधलं पान. मी म्हटलं, "मधलं नाही रे, एकोणपन्नासावं." त्यावर त्याने "बरं" असं म्हटलं, पण ते "बरं" आपण घरातल्या म्हाताऱ्यांना म्हणतो त्यातलं होतं.

खरं तर पुस्तक महोत्सवाला मी पहिल्यांदाच आले होते. २०२३ च्या डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर तो सुरू झाला, राष्ट्रीय पुस्तक न्यासाने भरवलेला, घरापासून म्हणजे आनंदनगरहून मेट्रोने चार स्टेशनं, उतरून थोडं चालायचं. तरी पहिल्या वर्षी गेले नाही. का, तर तिथे पार्किंगचे हाल असतील म्हणे. माझ्याकडे गाडी नाहीये ही गोष्ट वेगळी. शिवाय आपण बाजीराव रोडला अत्रे सभागृहातली प्रदर्शनं बघून मोठे झालेलो, एका दाराने आत, टेबलांच्या कडेकडेने एक फेरी, दुसऱ्या दाराने बाहेर, हातात दोन पुस्तकं आणि घरी आल्यावर "परत पुस्तकं?" हा प्रश्न. अजून काय पाहिजे? पण गेल्या डिसेंबरात मैत्रीण हट्टालाच पेटली, मला दारापर्यंत आणलं आणि आत शिरल्या शिरल्या स्वतः कुठल्या तरी चर्चासत्राला पळाली.

एकटी आत उभी राहिले आणि खरं सांगते, घाबरले. पांढरे लांबच लांब मंडप, आत गल्ल्या, गल्ल्यांना नंबर, दोन्ही बाजूंनी पुस्तकं, मराठी इंग्रजी हिंदी, शाळेच्या पोरांच्या रांगा, रांगेच्या पुढे शिट्टीवाले सर, कुठेतरी माइकवर कोणाचा तरी सत्कार चाललेला. लहानपणी मला पुस्तक म्हणजे काउंटरच्या पलीकडची वस्तू होती. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात बाबांच्या खांद्यावरून यादीची चिठ्ठी पुढे सरकवायची आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा यायचा, त्यात काय आहे ते घरी जाऊन बघायचं. लायब्ररीतसुद्धा आधी वहीत नंबर शोधा, मग क्लार्क आणून देणार, तेही "हे नाहीये, हे घ्या" म्हणत. आणि इथे सगळं उघडं, कशालाही हात लावा, कोणी ओरडत नाही. इतकी मोकळीक मिळाली की माणूस आपल्या मूळ स्वभावावर जातो. मी एकोणपन्नासावं पान उघडायला लागले.

आता ही भानगड काय ते सांगते. 

आमचा वाडा नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. मागच्या बाजूच्या खोलीत एक मावशी राहायच्या. सख्ख्या नव्हेत, वाड्यातल्या सगळ्या बायका मावशी किंवा काकू असायच्या तशा. त्यांच्या भिंतीवर एकसष्टच्या पानशेतच्या पुराची रेघ होती, दर दिवाळीला चुना मारला की जायची आणि पावसाळ्यात परत वर यायची. मावशींकडे फॉर्मे यायचे. आसपास तेव्हा गल्लोगल्ली छापखाने, खिळे जुळवून छापणारे, आणि छापलेले कागद घड्या घालायला घरोघरी द्यायचे. सायकलच्या कॅरिअरवर, बाइंडरचा माणूस, हा एवढा गठ्ठा. 

फॉर्मा म्हणजे एक मोठा कागद, दोन्ही बाजूंना आठ आठ पानं छापलेली, तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा जुडगा होतो. पण उलगडलेला बघाल तर डोकं फिरतं. ४९ च्या शेजारी ६४, त्यांच्या डोक्याला डोकं लावून दुसरी दोन उलटी, ५० शोधायचं तर कागद पालथा करा. मावशी मजकुराकडे बघायच्याच नाहीत. कागद उजेडाकडे धरायचा, पानाच्या आकड्यावर आकडा आला की अंगठ्याने दाबायचं, वरून हाडाची पट्टी फिरवायची, सर्र, परत वळवायचं, सर्र. तो आवाज मला आजही पेपरची घडी घालताना ऐकू येतो. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख पार चपटं झालं होतं आणि कागदाने कापून कापून पेराला बारीक चिरा, त्यात संध्याकाळी खोबरेल तेल. दर शेकड्यावर होता, किती ते आता आठवत नाही, पण हजार फॉर्म्यांनंतर आमच्यासारख्या लुडबुड करणाऱ्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या हे पक्कं आठवतं.

तर तिथे मी वाचायला लागले. पुस्तक नाही, फॉर्मे. आणि यातली गोची अशी की बाइंडर एका घरी अख्खं पुस्तक कधी द्यायचाच नाही. एका कादंबरीचा दुसरा फॉर्मा मावशींकडे, तिसरा शनिवार पेठेत कोणाकडे, चौथा परत मावशींकडे. एकाच सोळा पानांच्या हजार हजार प्रती! म्हणजे जगातल्या वाटेल तेवढ्या गोष्टींचं मला फक्त मधलं माहीत. शेतकीच्या एका पुस्तकाचं १७ ते ३२, त्यात कांद्यावरचे रोग होते पण उपाय पुढच्या फॉर्म्यात. कुठल्या तरी महाराजांच्या चरित्राचं ८१ ते ९६, त्यात महाराज सगळीकडे जेवायलाच बसलेले. बरं, वाचायचं तेही नीट नाही, कारण घडी घातलेला फॉर्मा वरून बंद असतो, शिवून झाल्यावर कडा कापतात तेव्हा तो मोकळा होतो, तोपर्यंत काही पानं उघडतच नाहीत. मग त्यात फुंकर मारून, फुगवून, एका डोळ्याने आत बघायचं. निम्मं वाचन मी असं बोगद्यात डोकावल्यासारखं केलंय.

आणि त्यात ती कादंबरी आली. पान ४९ ते ६४. मी आठ की नऊ वर्षांची. एक सून आहे, तिने जोंधळ्याच्या डब्यात पत्र लपवलंय, कोणाचं ते आधीच्या पानांत आलं असणार. घरात लग्न निघालंय, दीर वकील आहे आणि तो रात्री दिवा लावून अंगणात फेऱ्या मारतो. मोलकरीण जोंधळे निवडायला डबा मागते. सून म्हणते उद्या. पाऊस. कडी वाजते. आणि चौसष्टाव्या पानाची शेवटची ओळ, जी मी झोपेतून उठवलं तरी सांगेन: "दारात उभी असलेली ती स्त्री म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून". संपलं. पुढचा फॉर्मा कुठल्या पेठेत गेला देव जाणे.

चाळीस वर्षांच्या वर झाली. मी बी.कॉम. केलं, नोकरी केली, लग्न केलं, दोन मुलं इंजिनिअर केली, पण ती बाई दारात उभीच आहे. पावसात.

कादंबरीचं नाव माहीत नाही, लेखक की लेखिका तेही नाही, ते पहिल्या फॉर्म्यात असतं. हातात एकच धागा. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बाइंडरच्या सोयीसाठी बारीक टाइपात खूण छापलेली असायची, नावाचं पहिलं अक्षर आणि फॉर्म्याचा नंबर. त्या फॉर्म्यावर होतं: सां. ४. बस. म्हणून एकोणपन्नासावं पान. मला पूर्ण कल्पना आहे की याला काही अर्थ नाही. नवी आवृत्ती निघाली असेल तर सगळं कॉम्प्युटरवर नव्याने लावलेलं, पानांचे आकडे हललेले, ती खूण तर कधीच गेली. शिवाय आता बहुतेक पुस्तकं जुजबंदीची नसतातच, दोरा नाही, काही नाही, मागची कड खरवडून गरम गोंदाने चिकटवायची, दोनदा नीट उघडलं की पानं हातात. मावशींच्या बाइंडरकडे खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. ती पुस्तकं खरवडून काढायलासुद्धा माणूस दमला असता. पण सवयीला अर्थ कशाला लागतो? आमच्याकडे हे काही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. एवढं नाही, पण बरंच. तोपर्यंत त्याने शेजारच्या स्टॉलवरच्याला पण बोलावलं होतं.

"सां वरून कादंबरी," तो म्हणाला, "काकू, सांज घ्या, सांजवात घ्या, सांगावा, सांत्वन, अहो सांगलीसुद्धा असू शकेल."

"सांडगे," शेजारचा म्हणाला.

"सोशल आहे ना? सामाजिक?" 

मी म्हटलं तसंच असेल, पत्र आहे, वकील दीर आहे.

"वकील दीर म्हणजे सामाजिकच," त्याने निकाल दिला आणि खरोखर आतल्या खोक्यांतून जुना साठा काढला, अर्ध्या किमतीतला, पिवळा पडलेला, व्हॅनिलासारखा वास मारणारा (कागदातलं लिग्निन कुजायला लागलं की तसा वास येतो म्हणतात, मला तो मावशींच्या खोलीचा वाटतो). तिघांनी मिळून बघितलं. पंचवीसेक पुस्तकं. त्यातल्या तीन-चार जुन्यांमध्ये तळाच्या खुणा होत्या, "वा. ४", "मृ. ४", एका ठिकाणी नुसताच ४. त्या पोरांना ही खूण असते हेच माहीत नव्हतं, दोघंही पुस्तकं विकतात, पण त्यांना ते इतकं आवडलं की गिऱ्हाईक आलं तरी बघेनात. शेवटी मीच त्या गिऱ्हाइकाला पुस्तकावर सवलत किती ते सांगितलं. वीस टक्के म्हटलं. बरोबर होतं की नाही माहीत नाही, त्याने पैसे दिले.

निघताना मुलाने बिलाच्या पाठीमागे माझा नंबर घेतला. "सापडलं तर फोन करतो. नाव काय टाकू?" मी माझं नाव सांगायला लागले. "तुमचं नाही हो काकू, पुस्तकाचं." मी म्हटलं, सां. ४ लिही. त्याने लिहिलं.

नंतर मैत्रीण भेटली. तिच्या चर्चेत कोणीतरी म्हणे सांगत होतं की पुण्याला हे नवीन नाही, ११ मे १८७८ ला हिराबागेत न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं होतं. म्हणजे तेव्हा ग्रंथकार जमले, आता ग्रंथ जमतात. बाइंडरना तेव्हा बोलावलं असेल असं वाटत नाही आणि आत्ताही व्यासपीठावर लेखक होते, प्रकाशक होते, अनुवादक होते, कोणीतरी ऑडिओबुकवाले होते, चपट्या नखाचं कोणी नव्हतं. हे मी मैत्रिणीला म्हटलं तर ती म्हणाली, "तुझं काहीतरीच असतं," आणि मग आम्ही वैशालीला गेलो, तिथे नाव लिहून पाऊण तास उभं राहायला लागेल असं कळलं म्हणून तशाच निघालो आणि टपरीवर चहा प्यायलो.

चार पुस्तकं घेतली मी. चारही पहिल्या पानापासून वाचायची असं ठरवलं होतं. दोन झाली. तिसऱ्याचं एकोणपन्नासावं पान झालंय.

मुलाचा फोन काही आला नाही. मध्ये एकदा वाटलं आपणच जावं अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकवाल्यांकडे बसावं दोन दिवस मांडी घालून. मग वाटलं, आणि सापडली तर? चौसष्ट उलटून पासष्टावर काय असणार, एक नाव असणार. ते नाव आधीच्या अठ्ठेचाळीस पानांत कुठेतरी आलेलं असणार आणि मला ते कोण हेच कळणार नाही. 

मावशी जाऊनसुद्धा आता खूप वर्षं झाली. वाड्याच्या जागी पार्किंगसकट इमारत आहे. घड्या घालायची मशिनं आली तसे त्यांच्याकडचे फॉर्मे बंद झाले, मग त्या पोळ्या करायला जायच्या. त्यांच्या खोलीत कालनिर्णय सोडून छापील असं काही मी कधी बघितलं नाही. त्यांना वाचता यायचं का, हे मी कधी विचारलं नाही, आकडे यायचे एवढं नक्की. ती कादंबरी आली त्या दिवशी मात्र मी सोळाच्या सोळा पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती, फुंकरा मारत मारत, आणि शेवटची ओळ आली तशी थांबले आणि म्हटलं, मावशी, दारात कोण असेल हो?

मावशींचा हात थांबला नाही. आकड्यावर आकडा आणला, अंगठा दाबला, पट्टी फिरवली.

"सासू असेल," म्हणाल्या, आणि पुढचा कागद ओढला.