वजा 58 दिवस

रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, मी आधीच वाचायला हवा होता. अर्ज माझा, हिशेब माझा, आणि रोजनाम्याची नक्कल काढून आणली सरकारी वकिलांनी.

मी जिल्हा न्यायालयात लोकअभिरक्षक कार्यालयात आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याचं काम आम्ही बघतो. 20 मार्च 2025च्या बोर्डावर आरोपी नंबर तीनचा अर्ज होता. दरोड्याची तयारी, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 399 आणि 402. पंचनाम्यात नेहमीचा ऐवज: कोयता, सुती दोरी, मिरचीपूड. (मिरचीपुडीशिवाय दरोड्याची तयारी पुरी होत नाही, असं आमच्या बाररूममध्ये म्हणतात.) बाकीच्या चौघांनी वकील लावून हायकोर्टातून जामीन आणला. याचा खालीच फेटाळला गेला, कायमचा पत्ता नाही म्हणून, आणि वर धावपळ करणारं घरचं कुणी नव्हतं. 9 नोव्हेंबर 2021पासून तो आत.

399ला जास्तीत जास्त दहा वर्षं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 479प्रमाणे पहिलाच गुन्हा असलेल्याने त्याच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. ऑगस्ट 2024मध्ये सुप्रीम कोर्टाने ते जुन्या खटल्यांनाही लागू केलं. तीन वर्षं चार महिने 9 मार्चला भरले होते. मी हुसैनआरा खातूनपासून सुरुवात केली. 1979 साली बिहारच्या तुरुंगांत शिक्षेपेक्षा जास्त दिवस काढलेले कच्चे कैदी सापडले होते, ते प्रकरण. न्यायाधीश साहेब लिहून घेत होते. मला वाटलं, झालं काम.

सरकारी वकील उठले. "साहेब, कलमाचं स्पष्टीकरणही वाचावं. आरोपीमुळे झालेला उशीर धरायचा नाही." वर सुप्रीम कोर्टाच्या अंतुले खटल्याचा दाखला: लवकर सुनावणीचा हक्क घटनेच्या कलम 21मधलाच, पण 1991च्या त्या निकालाने मुदतीची रेघ आखली नाही, उशीर कुणामुळे झाला ते बघायला सांगितलं. मग त्यांनी नक्कल पुढे केली.

एकतीस तारखा. नऊ वेळा तुरुंगातून आणायला पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून आरोपी आणलाच नव्हता. एकदा साहेबांची बदली, दोनदा तपास अधिकारी बंदोबस्तावर. बचावाने मागितलेल्या मुदती, म्हणजे पुढच्या तारखा, पाच. त्यातल्या चार नंबर दोनच्या वकिलांच्या, आणि त्या याच्या माथी मारता येणार नाहीत, हे मी भांडून मान्य करून घेतलं. नंबर दोन बाहेर होता. त्याला खटला जितका लांबेल तितका हवा होता.

पाचवी नोंद 16 एप्रिल 2024ची. 'पंच क्र. 1 हजर. आरोपी क्र. 3 तर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर, शेवटची संधी.' अर्जाखाली सही माझी. भाचीचं लग्न होतं. ज्युनिअरच्या हाती तीन ओळी पाठवल्या होत्या, 'वैयक्तिक कारणास्तव'. साक्षीदार हजर असताना मुदत द्यायची नसते, कायद्यातच आहे, पण आमच्याकडे मिळते. नानावटी खटल्यासारखी ज्युरीची नऊ माणसं कामधंदा सोडून येऊन बसली असती, तर मला मागायचाही धीर झाला नसता. मध्ये उन्हाळी सुट्टी आली, पुढची तारीख 13 जून पडली. पंच रोजंदारी बुडवून, एसटीने आला होता. नंतरची त्याची समन्सं 'मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येत राहिली.

साहेबांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजलं. 58 दिवस. "6 मेला ठेवतो. मॅडम, काही म्हणायचंय?"

नव्हतं.

आरोपी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होता, तुरुंगाच्या निळ्या भिंतीपुढे. मला विचारलं, "मॅडम, आजपण गार्ड नव्हता का?" तारीख पडण्याचं त्याला ठाऊक असलेलं कारण तेवढंच, मग स्वतः स्क्रीनवर असला तरी. मी सांगितलं, गार्डचा प्रश्न नाही, गेल्या वर्षी मुदत मी मागितली होती, ते दिवस कापले. त्याने जरा वेळ मान हलवली.

"बरं. मग सहा मेला नक्की ना?"

6 मेला तो जातमुचलक्यावर सुटला. पंच अजून मिळून आलेला नाही.