बकुळाच्या टँकचा अपडेट : कॅनिस्टर अखेर बसला

माझ्या कासवाच्या, म्हणजे बकुळाच्या टँकचा कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आता नीट स्थिरावलाय. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आसपास येतंय आणि हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या जो कुबट वास यायचा तो पार गेलाय. खूप बरं वाटतंय.

सेटअप माहीत नसलेल्यांसाठी : काचेचा टँक, ४ फूट बाय दीड बाय दीड, पाऊण भरलेला, म्हणजे साधारण १९० लिटर पाणी. बकुळा रेड इअर्ड स्लायडर जातीचं कासव, मादी, पाठ ८ इंचांच्या जवळपास. पाठीच्या दर इंचाला ३८ लिटर पाणी हा जो हिशोब सगळे धरतात त्याप्रमाणे तिला ३०० लिटर हवं, म्हणजे टँक लहानच पडतोय, आणि म्हणूनच फिल्टर तगडा घेतला. बॉक्सवर लिहिलेली क्षमता माशांसाठी असते, कासव माशांच्या मानाने कितीतरी जास्त घाण करतं, त्यामुळे पाणी असेल त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्या, त्यात काटकसर नको.

आता मुख्य मुद्दा. पाणी काचेसारखं दिसतंय म्हणजे ते चांगलं आहे असं नाही, कारण विषारी अमोनिया डोळ्याला दिसत नाही. शी-शू आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ही सगळी मंडळी राहतात फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगवर. मोटर फक्त पाणी फिरवते, खरं काम हे करतात. त्यामुळे नवा फिल्टर आणला म्हणून जुना लगेच काढून टाकायचा नाही. मी जुना इंटर्नल (टँकच्या आत बसणारा) फिल्टर तसाच चालू ठेवला, त्याचा स्पंज नव्या रिंगांवर चांगला पिळला, सगळा काळपट रस आत जाऊ दिला आणि महिना-दीड महिना दोन्ही सोबत चालवले. मधे अमोनिया ०.२५ पर्यंत गेला, मग नायट्राइट वर आलं, पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. इथेच बरेच जण घाबरून सगळं पाणी उपसतात आणि फिल्टर नळाखाली घासून काढतात, म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. मी पाव पाणी बदलत राहिले, खाणं कमी केलं, बाकी कशाला हात लावला नाही. हळूहळू सगळं आपोआप निवळलं.

आमच्याकडे पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ८ च्या जवळ येतो, तेव्हा थोडासा अमोनियाही चालवून घेत नाही. पीएच ७ चा ८ झाला की त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. कासव फुप्फुसाने श्वास घेतं म्हणून माशासारखं पटकन दगावत नाही, पण तसल्या पाण्यात राहून त्याचे डोळे आणि कातडी खराब होते, आणि आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

फिल्टर धुताना बादलीत टँकचंच पाणी घेते आणि स्पंज त्यात दोन-तीनदा दाबते, बस. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारतं. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी कधीच धूत नाही. झाकण उघडल्यावर आतल्या तपकिरी चिकट थराला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की समजायचं आत सगळं ठीक आहे, सडक्या अंड्यासारखा आला तर आत ऑक्सिजन पोचत नाहीये.

लाईट गेली की हेच होतं. बंद डब्यातलं पाणी तिथेच अडकतं, काही तासांत ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात. म्हणून फिल्टर इन्व्हर्टरवर घेतलाय, आणि तरी जास्त वेळ बंद राहिलाच तर आतलं साचलेलं पाणी आधी ओतून देते मगच चालू करते, नाहीतर ती सगळी घाण थेट बकुळाच्या अंगावर.

पावसाळ्यात पुण्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि क्लोरीनचा वासही जास्त मारतो. अशा दिवसांत पाणी बदलायचं पुढे ढकलते किंवा ड्रममध्ये भरून निवळू देते, वर डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकतेच.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर खाणं वेगळ्या टबमध्ये द्यायला लागल्यापासून. पेलेट (कासवाच्या खाण्याचे दाणे) तिथेच खाते, बरेचदा शीसुद्धा तिथेच उरकते, मग टँकमध्ये. टबचं पाणी कुंड्यांना घालते, आणि टब किंवा पाइप किचनच्या सिंकमध्ये धूत नाही, साल्मोनेलाची (पोट बिघडवणारा जंतू) भीती असते, हात साबणाने धुवायचेच. घरात लहान मुलं असतील त्यांनी तर हे फार मनावर घ्या.

मनी प्लांटच्या मुळ्या मागच्या बाजूने पाण्यात सोडल्यात, नायट्रेट ओढून घेतात, वाढ तर बघण्यासारखी आहे. पानं मात्र तिच्या तोंडाला लागणार नाहीत इतकी वर ठेवा, त्यात तोंडाची आग करणारं कॅल्शियम ऑक्झलेट असतं.

आणि एक कळकळीने सांगते, सांभाळणं जमत नाही म्हणून स्लायडर तळ्यात किंवा नदीत सोडू नका, आपली देशी कासवं आधीच अडचणीत आहेत, हे तिथे जाऊन त्यांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. सांभाळणारं दुसरं घर शोधा.

पुढचं काम : उन्हाला बसायची फळी टँकच्या आतून काढून वर चढवायची, म्हणजे पाणी काठापर्यंत भरता येईल आणि जवळजवळ ५० लिटर वाढतील. पीव्हीसी पाइपची फ्रेम करायचा विचार आहे, ८ इंचाच्या मादीचं वजन त्या फ्रेमला झेपेल का, आणि रॅम्पला पकड यायला काय लावलंत, कुणी केलं असेल तर जरूर सांगा.