हो, बघते मी ते रक्त. ऐका आता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हा विषय सोडलाच होता. "एवढं रक्त बघवतं कसं गं तुला?" हे मावशी विचारते, ऑफिसातल्या विचारतात, मध्यंतरी एका स्थळाकडच्या काकूंनीपण विचारलं, त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. आणि दुसरीकडे अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन बघणारी मंडळी, त्यांचा प्रश्न वेगळाच, की बघायचंच होतं तर ब्लड-सी ही रक्तबंबाळ मालिकाच कशाला, सगळ्यात टुकार तीच. म्हणजे घरच्यांना ती फार भयंकर वाटते आणि दोस्तांना पुरेशी चांगली वाटत नाही, आणि मी मधे अडकलेली.

दोस्तांचं आधी उरकते. 2000 सालचा तो मूळ छोटा सिनेमा, ब्लड: द लास्ट व्हँपायर, 1966 मधल्या अमेरिकी लष्करी तळावरचा, तो भारी आहे, मान्य. नंतरची 50 भागांची ब्लड प्लस, ती तर जास्तच लोकांना आवडते, तेही मान्य. ब्लड-सी 2011 ची, 12 भाग, प्रॉडक्शन आय.जी. हा स्टुडिओ आणि क्लॅम्प हा चित्रकथा काढणाऱ्या बायकांचा गट, दिग्दर्शक त्सुतोमु मिझुशिमा. तिन्हीकडे साया नावाची मुलगी, हातात तलवार, बाकी सगळं वेगळं. इथली साया चष्मा लावते, दोन बाजूंना बांधलेले लांब केस, रस्त्याने स्वतःशीच बावळट गाणी गात शाळेत जाते, दर चार पावलांवर धडपडते, आणि रात्री देवळातली पुजाऱ्याची मुलगी म्हणून माणसं खाणाऱ्या राक्षसांना कापून काढते. पहिल्याच भागात रस्त्याकडेच्या दगडी जिझोच्या, म्हणजे वाटसरूंना सांभाळणाऱ्या बौद्ध देवाच्या, मूर्तीसारखा दिसणारा राक्षस आहे, तिथेच मी बसले ती बसलेच.

आता कबूल करायचं तर करते, मला ते कापाकापीचे सीन आवडतात. "मी कथेसाठी बघते" वगैरे मी म्हणणार नाही, सगळे तसंच म्हणतात. तिचे डोळे लाल होतात, धडपडणारी पोरगी एकदम सरळ उभी राहते, आणि तिला आवाज देणाऱ्या नाना मिझुकीचा आवाज जो बदलतो ना, तो बदल बघायला मजा येते. चीनने 2015 मध्ये ज्या 38 जपानी मालिकांवर बंदी घातली त्यात हिचं नाव होतं, हे मी कॉलेजच्या मित्रांमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगायचे, जणू माझाच सत्कार झालाय.

पण कॉलेजमधली मी आणि आत्ताची मी, आमचं एका गोष्टीवर अजिबात पटत नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे की पहिले आठ-नऊ भाग नुसते सहन करा, बाराव्यात पैसा वसूल आहे. नुसतं घर, कॅफे, शाळा, मारामारी, परत घर. कॅफेवाला फुमितो, शांत, गोड हसणारा, तिला नाश्ता करून देणार, डबा देणार, गिमोव्ह नावाची मऊ मिठाई देणार. मला वाटायचं क्लॅम्पच्या ओकावाबाई आणि फुजिसाकु यांनी लिहिताना झोपा काढल्यात.

मग आईबरोबर बघितली.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती पलंगावर, मी घरून काम करत तिच्याजवळ. मराठी सिरियलींना ती कंटाळली होती, म्हणाली तुझं ते कार्टून लाव. मी म्हटलं झेपणार नाही, ती म्हणाली मी दोन बाळंतपणं काढलीत, मला रक्ताचं काय सांगतेस. सबटायटल इंग्रजीत, ती पळतात, आईला तेवढ्या वेगाने वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

रक्ताला आई खरंच बधली नाही. पण दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागली. फुमितोबद्दल पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा माणूस बरा नाही. रोज फुकट खायला कोण घालतं? आणि हिच्याकडे बघतो कसा, वजन करायला ठेवल्यासारखं." मी म्हटलं, अगं चांगला आहे तो. वडील, तादायोशी, यांच्याबद्दल म्हणाली, "बाप आहे की भाडेकरू? पोरगी रात्री तलवार घेऊन जाते आणि हा नुसता दारात उभा." मग माणसं मरायला लागली, शेजारचे, मग वर्गातले, वर्गातल्या जुळ्या बहिणींपैकी एक गेली, आणि आईने मला थांबवलं. "एवढी माणसं गेली, कोणाच्या घरी सुतक कसं नाही? कोणी रडायला आलं नाही, पोलीस नाहीत, शाळा चालूच. हे गाव खरं नाहीये."

मी रिमोट हातात धरून गप्प. कारण आईने बाराव्या भागाचा गाभा सातव्यात सांगितला होता, आणि तोही ज्याला मी वर्षानुवर्षं ढिसाळ लिखाण म्हणत आले त्यावरून. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, उकिशिमा हे गाव म्हणजे उभारलेला सेट. वडील, मैत्रिणी, बाई, सगळे नेमलेले नट, रस्त्यावरची माणसंपण. मेलेल्या जुळ्या बहिणी अकराव्या भागात हसत परत येतात आणि त्यांना त्या सगळ्याचा कंटाळा आलेला असतो. सायाची स्मृती पुसून तिला तिथे सोडलेलं, तिची आई गावासाठी लढताना गेली वगैरे सगळं भरवलेलं. एक पैज, की आठवण बदलली तर माणूस बदलतो का. पैज लावणारा फुमितो.

तर मी काय केलं. मी म्हटलं, "आई, जपानमध्ये पद्धत वेगळी असते." सरळ थाप. आणि तिने विश्वास ठेवला, म्हणाली असेल बाई. त्यानंतर फुमितो बोलला की मी ते मराठीत जरा जास्तच गोड करून सांगायचे. तो नुसतं "खा" म्हणाला तरी मी "खा बाळा, दमलीस" म्हणायचे. आणि आई हळूहळू निवळली, फुमितोबद्दलचं मत बदललं, सायाने नीट जेवावं म्हणून तिचा जीव टांगणीला, आणि मी तिरक्या नजरेने तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे की आता हिला धक्का कसा बसेल. मज्जा येत होती हो. तुम्हीपण हे केलंय, नवीन माणसाला शेवट माहीत असलेलं काही दाखवताना सगळे स्क्रीनकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघतात.

बारावा भाग डिस्कवरचा होता, म्हणजे टीव्हीवर केलेली झाकाझाक नाही. ते पांढरे अवाढव्य ससे येतात, गोंडस, लांब कान, आणि गावभर माणसं चिरडतात, भोसकतात, एक तर अक्षरशः घुसळतो. ती माणसं म्हणजे पैशासाठी आलेली साधी मंडळी, गर्दीत उभं राहायचं काम म्हणून आलेली. त्या सीनमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ घालवलाय, तो बनवणाऱ्यांनी चवीने बनवलाय, आणि मी एकटी बघताना त्यावर हसलेय. त्याचा बचाव माझ्याकडे नाही, कोणी मागू नका. साया त्या सगळ्यांना वाचवायला धावते, ज्यांनी तिला फसवलं त्यांनाच. बाप तिच्याच तलवारीने मरतो. फुमितो तिच्या तोंडावर गोळी झाडतो.

आईने ससे बघितले, गोळी बघितली, हूं की चूं नाही. नावं सुरू झाली तेव्हा विचारलं, "तुला हे सगळं आधीपासून माहीत होतं?"

"हो, मी कितीदा बघितलंय."

"मग मी सुतकाचं म्हटलं तेव्हा पद्धत वेगळी असते असं का सांगितलंस?"

"अगं मजा गेली असती."

"कोणाची?"

बस, एवढंच. मग औषधाची वेळ झाली म्हणाली. नंतर मावशीला फोनवर "ती काहीतरी भयंकर बघते" असं सांगितलं, रक्ताचं नाव पुढे करून, आणि तिथून तुम्हा सगळ्यांचा हा प्रश्न सुरू झाला. तुम्ही रक्ताबद्दल विचारता. आई रक्ताला घाबरली नव्हती, हे तिला आणि मला माहीत आहे.

आता माझी बाजू. शेवट न सांगणं ही फसवणूक नाही, कोणीच सांगत नाही, सांगितला तर लोक भांडायला येतात. मी काही तिला सशांपुढे टाकलं नाही. गोष्ट ऐकवणारा थोडं लपवतोच, कीर्तनकारसुद्धा लपवतो. हे मी स्वतःला बरेचदा सांगून बघितलं, आणि दर वेळी ते "खा बाळा" मधे येतं. ते सबटायटलमध्ये नव्हतं, ते मी घातलं होतं. तर कॉलेजमधली मी म्हणते की अगं मालिका हेच तर करते, बघणाऱ्याला फुमितोच्या खुर्चीत बसवते, म्हणजे जमलं की सगळं. आणि आत्ताची मी म्हणते की हो, पण खुर्चीत बसवलं म्हणून स्वतःचे डायलॉग घालायचे का? यावर कॉलेजवाली गप्प बसत नाही, मीही बसत नाही.

एवढं मात्र पटलं की सुरुवातीचे संथ भाग कंटाळवाणे आहेत ते आहेतच, फक्त भीती तिथे आहे, सशांमध्ये नाही. सगळं गाव तिच्याशी गोड वागतं आणि त्या अख्ख्या गावात मनापासून वागणारी ती एकटीच, जिला आपण कोण आहोत तेच माहीत नाही. आता बघताना मला नाश्त्याचे सीन पुढे ढकलावेसे वाटतात, रक्ताचे नाही.

2012 चा सिनेमा, द लास्ट डार्क, आईने स्वतःहून मागितला, पण आधी अट घातली की पूर्ण गोष्ट सांग, अगदी शेवटपर्यंत. मी सांगितली. टोकियो, फुमितोला शोधत येणारी साया, कॉम्प्युटरवरून त्याच्या मागे लागलेली मुलं, आणि शेवटी त्याला तीच मारते, आणि त्याचा तिच्यावर जीव होता हेही. आई म्हणाली जीव होता म्हणे, मग लावला. अर्ध्यात तिचा डोळा लागला. उठल्यावर म्हणाली, पोरगी पूर्वी गाणी तरी म्हणायची, आता बोलतच नाही, मालिका बरी होती. मला काही ते पटत नाही, चित्रं सिनेमाचीच चांगली आहेत, फक्त ती कॉम्प्युटरवाली पोरं जरा कमी हवी होती.